पार्मा काय वाईट होता?

नाही, पण मला एक सांगा, ताटात दगड कुणी वाढतं का? खडा लागणं वेगळं. खडा मलाही लागलाय. माझ्या सासूबाईंच्या मसुराच्या सूपमध्ये दरवेळी लागायचा आणि मी दरवेळी तो मुकाट्यानं रुमालात ठेवायचो, संसार टिकवायचा असतो माणसाला... पण हा खडा नव्हे हो, दगड! चांगला मुठीएवढा, समुद्रावरचा, काळा, गुळगुळीत आणि वर कोमट! दगडावर एक पान. पानावर तीन मुंग्या. हिरव्या! मेलेल्या होत्या, एवढंच काय ते समाधान. सात माणसं, सात दगड, एकवीस मुंग्या. आणि माझ्या शेजारी माझी बायको ग्लेनिस, एक्केचाळीस वर्षांचा संसार, ती माझ्याकडे न बघता, ओठ न हलवता म्हणते, "लिंडसे, चमचा आला बरं का घरी." तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात एकच गोष्ट आली. आपला पार्मा काय वाईट होता?

पार्मा हो! पबमधला चिकन पार्मा! कोंबडीचा बडवून चपटा केलेला तुकडा, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला, वर टोमॅटो, त्यावर हॅम, त्यावर चीज, खाली चिप्स, आणि ताटाबाहेर लोंबणारा. ताटाबाहेर लोंबला नाही तर तो पार्मा नव्हे, ती कोंबडीची बदनामी. बत्तीस वर्षं मी दुधाचा टँकर चालवला. वॉर्नमबूलच्या आसपासचा एक गोठा असा नाही की जिथलं कुत्रं मला ओळखत नाही. आणि प्रत्येक गावात एक पब, प्रत्येक पबमध्ये एक पार्मा. माणसाला आणखी काय लागतं?

पण आमचं भोजन मंडळ आहे ना! दुसऱ्या रविवारचं भोजन मंडळ. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी साडेबाराला, सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायचं. पाळीपाळीनं एकेकानं जागा निवडायची, आणि ती गाडीत बसेपर्यंत कुणाला सांगायची नाही. अध्यक्षा बेव्ह. बेव्ह पूर्वी हॉस्पिटलात मेट्रन होती, म्हणजे आता निवृत्त झाली असं कागदोपत्री आहे. अजून ती खोलीत आली की माणसं नकळत चादर नीट करतात. तिचा नवरा कीथ. कीथ बोलत नाही. मुका नाही हो, बोलत नाही! गरजच पडली नसावी. मग नॉर्म आणि त्याची बायको डॉट, मग आम्ही दोघं, आणि क्लॅरी. सात जण.

आता नियम ऐका, कारण माझं मरण त्या नियमात आहे. गोड खाऊन झालं की प्रत्येकानं आपला चमचा टेबलावर ठेवायचा. उताणा ठेवला तर जेवण पसंत. पालथा ठेवला तर नापसंत. ज्यानं जागा निवडली त्याला मत नाही, म्हणजे राहिली सहा. निम्मे चमचे पालथे पडले की संपलं! मग बेव्ह पिशवीतून तो लाकडी चमचा काढते. तिच्या सासूचा, जॅम ढवळायचा, हातभर लांब, आणि दांड्यावर तापलेल्या सुईनं कोरलेली नावं. ज्याचं जेवण पडलं त्याचं नाव. तो घरी न्यायचा आणि दिवाणखान्यात भिंतीवर टांगायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. आणि तिसऱ्यांदा ज्याच्या घरी चमचा गेला, त्यानं पुढच्या महिन्याचं जेवण आपल्या घरी, आपल्या हातानं रांधायचं. आपल्या हातानं! बायकोच्या नव्हे. हे शेवटचं वाक्य नियमात ग्लेनिसनं घालून घेतलंय.

दांड्यावर माझं नाव दोनदा आहे.

दोन्ही वेळा पब. अहो, पंचवीस वर्षं सगळेच पब निवडत होते, तेव्हा कुणाचा चमचा पालथा पडला नाही! पण मध्यंतरी बेव्हची मुलगी तिला मेलबर्नला कुठेतरी जेवायला घेऊन गेली, आणि तिकडून आल्यापासून, "लिंडसे, ताटात काहीतरी गोष्ट हवी." म्हटलं बाई, ताटात पार्मा आहे, गोष्ट मी सांगतो की! तर नाही.

आणि मला स्वयंपाक येत नाही. म्हणजे चहा येतो. एकदा ग्लेनिसचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी अंडी उकडायला ठेवली होती, आणि अग्निशामक दल आलं होतं. आमच्याकडे अग्निशामक दल म्हणजे गावातलेच स्वयंसेवक, त्यात नॉर्म. त्याला अजून उकडलेलं अंडं दिसलं की माझी आठवण येते, असं तो मला दर महिन्याला सांगतो.

तेव्हा या वेळी माझी पाळी आली तशी ग्लेनिस म्हणाली, "हे बघ, तिसरा चमचा आला तर त्या रविवारी मी जीलाँगला बहिणीकडे. मी काही बघणार नाही, ऐकणार नाही, आणि माझी चांगली कढई कपाटात कुलूप लावून जाणार." आता सहा मतांचा हिशोब करा. क्लॅरीचं पालथं, हे ठरलेलं. क्लॅरी चौऱ्याऐंशीचा, त्याच्या गोठ्यातलं दूध मी बत्तीस वर्षं नेलं, माणूस सोन्यासारखा. पण दोन वर्षांपूर्वी त्याची बायको जोन गेली, आणि तेव्हापासून हा दर महिन्याला इस्त्रीचा शर्ट घालून येतो, टेबलाच्या टोकाला बसतो, पुढ्यात येईल ते खातो, आणि शेवटी चमचा पालथा. जागा कुठलीही असो, पदार्थ कुठलाही असो, पालथा. कुणी काही बोलत नाही. दुसरं मत ग्लेनिसचं. ती मागच्या दोन्ही वेळा माझ्याविरुद्ध गेली! वर म्हणते, "घर वेगळं, मंडळ वेगळं." म्हणजे राहिलं एक. एक चमचा उलटला की मी चुलीपुढे!

मग मी पण म्हटलं, गोष्ट हवी ना ताटात? घ्या गोष्ट! मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या अंगणातच तर आहे ती जागा! पोर्ट फेरीच्या रस्त्यावर, जुन्या लोकरीच्या शेडमध्ये. लोक तीन तास गाडी चालवून येतात." म्हटलं, त्या शेडमध्ये? तिथे मेंढ्या भादरायचे! ती म्हणाली, "आता माणसं जेवतात." मी म्हटलं, फरक नावालाच दिसतोय. पण टेबल राखलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर त्यांचा फॉर्म आला. जेवायला जायचं तर फॉर्म! प्रत्येक माणसामागे तीन प्रश्न. काय चालत नाही, काय खायला घाबरता, आणि... लहानपणीचा कुठला पदार्थ अजून आठवतो? आता मी सगळ्यांना फोन करून विचारलं असतं तर जागेचं गुपित फुटलं असतं. आणि बेव्हला फोन केला की ती आधी माझं ब्लडप्रेशर विचारते. मग मी काय केलं? बसलो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आणि सातही जणांचे फॉर्म मीच भरले! अहो, तीस वर्षं ह्यांच्याबरोबर जेवतोय, तेच तेच ऐकतोय, मला माहीत नसेल? नॉर्म... वाम मासा. त्याचा बाप नदीत पिंजरे लावून वाम धरायचा आणि धुरावर टांगायचा, ही हकीकत मी सतरा वेळा ऐकलीय. डॉट... उकडलेले कणकेचे गोळे, वर काकवीसारखा पाक. बेव्ह... वजडी. पांढऱ्या सॉसमधली वजडी. क्लॅरी... पावावर मटणाची चरबी आणि मीठ, गोठ्यातून आल्यावर पहाटे. कीथ... कीथपाशी अडकलो. तीस वर्षांत हा माणूस पदार्थाबद्दल काही बोललेलाच नाही. लिहिलं, टोस्ट. टोस्ट कुणाला आवडत नाही? माझ्या रकान्यात अर्थात पार्मा. आणि ग्लेनिस...

हसू नका. एक्केचाळीस वर्षं संसार केलाय, पण बायकोला लहानपणी काय आवडायचं हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? हात वर करा! बघा. मी खूप विचार केला. मग आठवलं, दर गुरुवारी ती मटणाच्या चापा करते. न चुकता. म्हणजे आवडत असणार! लिहिलं, चापा.

तर तो रविवार. बाहेर जुलैची थंडी, आमच्याकडे हिवाळा जुलैत, समुद्रावरून असा वारा की शेडचे पत्रे वाजतायत, आणि आत सात दगड. नॉर्म दगड उचलून खालून बघतोय, कुठे उघडतो का! डॉट म्हणते, "नॉर्म, चाटायचंय ते." "कोणी सांगितलं?" "तिकडची माणसं चाटतायत." नॉर्मनं जीभ लावली. सगळं टेबल त्याच्याकडे बघतंय. तो म्हणतो, "लिंबू आहे." म्हटलं, कुठे? "मुंग्यांमध्ये!" आणि खरंच हो, आंबट लागत होत्या, लिंबासारख्या. पण म्हणून काय? लिंबू मिळत नाही का बाजारात? कीथच्या ताटाखाली शोभेला शेवाळाचा तुकडा ठेवलेला होता, तो त्यानं शांतपणे सुरी-काट्यानं कापून खाल्ला. कुणी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही.

मग दुसरा पदार्थ. काचेचं झाकण आलं, झाकणाखाली धूर. झाकण उचललं, धूर गेला, आणि खाली काहीच नाही! म्हणजे होतं, एक वाटाणा होता. तिथली मुख्य आचारीण फ्रेया, उंच पोर, दंडावर कोपरापर्यंत गोंदलेलं, ती स्वतः येऊन अदबीनं सांगते, "हा तुमच्या पहिल्या हिवाळ्याचा वास आहे." बेव्ह म्हणाली, "माझ्या पहिल्या हिवाळ्यात मला डांग्या खोकला होता." आणि वाटाणा गिळून माझ्याकडे असं बघितलं... मेट्रन बघते तसं. मी खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे पबची पाटी दिसत होती! रविवार, साडेबारा वाजून गेलेले, आत शेकोटी, आणि ताटाताटांतून लोंबणारे... काय वाईट होता हो पार्मा?

आता पुढचं नीट ऐका, कारण घोळ इथे झालाय आणि तो माझा एकट्याचा नव्हे, अख्ख्या देशाचा आहे. आमच्याकडे कार्य कुठलंही असो, लग्न असो, फुटबॉल क्लबचं वार्षिक जेवण असो, पदार्थ दोनच. तुम्हाला चिकन, शेजारच्याला बीफ, पुढच्याला चिकन, त्याच्या पुढच्याला बीफ. विचारायची पद्धत नाही. वाढणारा येतो, ठेवतो, जातो. आणि ताट टेबलाला टेकायच्या आत नवरा-बायकोची अदलाबदल झालेली असते. "तुझं काय? बीफ? दे इकडे." अंगवळणी पडलंय. मी तर माझ्या स्वतःच्या लग्नात, पाद्रीबाबांशी ताट बदललं होतं.

तर मुख्य पदार्थ आला. सात माणसं, आणि सात ताटं, आणि सातही वेगळी! फ्रेयानं एकेक ताट एकेका माणसापुढे, नाव बघून, दोन्ही हातांनी, देवळात ठेवावं तसं ठेवलं. आणि म्हणाली, "एक क्षण थांबा, मी हात पुसून येते, मग सांगते." ती वळली. तुम्हाला सांगतो, तिची पाठ फिरायचा अवकाश! दोनच पदार्थ असले तरी आम्ही बदलतो, इथे तर सात! "तुझं काय आहे?" "मला माहीत नाही, तुझं काय आहे?" "मलाही माहीत नाही, दे!" बेव्हनं कीथचं घेतलं, कीथला स्वतःचं दिलं, नॉर्म-डॉटनी बदललं, मग बेव्हला डॉटपुढचं बरं वाटलं म्हणून टेबलावरून आडवी अदलाबदल. ग्लेनिस माझ्याकडे वळली, "आण तुझं."

मी दोन्ही हात ताटाभोवती धरले. कारण माझ्या पुढ्यात काय होतं माहितीय? पार्मा! अहो, खरा पार्मा! अंगठ्याएवढा. पण त्या पोरीनं ताटच बशीएवढं घेतलं होतं, त्यामुळे तो... तो ताटाबाहेर लोंबत होता! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "ग्लेनिस, आज नाही." ती म्हणाली, "एक्केचाळीस वर्षं मी तुला ताट दिलं." म्हटलं, "आज नाही." ती फणकारली, पलीकडे वळली आणि कीथशी बदलून मोकळी झाली. सगळ्यांनी पहिला घास घेतला. मी मात्र नुसता बघत होतो. देखणा होता हो!

फ्रेया आली. हात जोडल्यासारखे छातीशी. म्हणाली, "आता तुमच्यापुढे जे ताट आहे, ते जगात फक्त तुमच्यासाठी केलंय. दोन आठवडे लागले. ते तुमचं बालपण आहे."

बेव्हनं काट्याला लावलेला तुकडा वर धरला. "हा कुठला मासा?" फ्रेया म्हणाली, "वाम. धुरावरची." बेव्ह म्हणाली, "आम्ही सहा बहिणी डोंगरातल्या. वाम मी नर्सिंगला येईपर्यंत चित्रातही पाहिली नव्हती." फ्रेयाचा चेहरा उतरला. तिनं टेबलावरून नजर फिरवली. गोळे नॉर्मपुढे. टोस्ट डॉटपुढे. चापा कीथपुढे. वजडी ग्लेनिसपुढे. "तुम्ही... बदलली?" असं म्हणाली ती. एवढंच. आवाज असा की आमच्यापैकी प्रत्येकाला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

आणि मग बेव्ह. "एक मिनिट. माझा फॉर्म कुणी भरला?" तेरा डोळे माझ्यावर. सहा माणसं, एक फ्रेया, पण कीथ अर्ध्या डोळ्यानं चापेकडेच बघत होता. "लिंडसे, माझं बालपण म्हणून तू काय लिहिलंस?" म्हटलं, "वजडी." "मी तीस वर्षं सांगतेय की मला लहानपणी वजडी जबरदस्तीनं खाऊ घालायचे आणि मेले तरी पुन्हा खाणार नाही!" म्हटलं, "मग आठवतेय ना? प्रश्न 'आठवतं का' असा होता, 'आवडतं का' असा नव्हता!" नॉर्म हसला. बेव्ह नाही हसली.

"आणि ह्या चापा?" असं ग्लेनिसनं विचारलं. हळूच. हळूच विचारते तेव्हा जास्त भीती. "ह्या माझ्या आहेत?" म्हटलं, "तू दर गुरुवारी करतेस..." "अरे बाबा, तुला आवडतात म्हणून करते! मला त्या वासानं डोकं दुखतं!" म्हटलं, "मला? मला कुठे आवडतात? तू एवढ्या हौसेनं करतेस म्हणून मी खातो!" एक्केचाळीस वर्षं हो! दर गुरुवारी! त्या मेंढ्यांचा तळतळाट आम्हालाच लागला असणार.

आणि मग कीथ बोलला. बेव्ह दचकली. कीथ डॉटच्या ताटाकडे बोट दाखवून म्हणाला, "तो टोस्ट माझा आहे." डॉट म्हणाली, "अरे, पण हा करपलाय." तो म्हणाला, "करपलेलाच. आई करपवायची. सात पोरं होती." आणि गप्प झाला. पण दार उघडलं होतं! डॉट म्हणाली, "थांब, अर्धा तुला." नॉर्म म्हणाला, "बेव्ह, ती वाम माझी असणार, खाऊन बघ, खारट आहे का? बाबा जरा जास्तच मीठ लावायचे." आणि अठराव्यांदा ती पिंजऱ्याची हकीकत सुरू. पण या वेळी बेव्हच्या तोंडात वाम होती! ती म्हणाली, "आहे खारट. मग? पिंजरा रात्री लावायचे की पहाटे?" तीस वर्षांत पहिल्यांदा तिनं नॉर्मला पुढचं विचारलं. नॉर्म असा फुलला म्हणून सांगू!

फ्रेया बिचारी डोळे पुसत बघत होती. मग तिची नजर टोकाला गेली आणि ती म्हणाली, "तुमचं तरी तुमच्यापुढेच आहे." क्लॅरी. त्याच्यापुढे पाव आणि चरबी, जसंच्या तसं, हातही न लावलेलं. सगळीकडे ताटं फिरली, माझं मी धरून बसलो होतो, आणि त्याचं कुणी मागितलंच नव्हतं.

तो म्हणाला, "हो, माझंच आहे. बदलायला कुणी नव्हतं."

सहज म्हणाला हो. तक्रार नाही, काही नाही. आम्ही तीन जोडपी, तो एकटा. जोनला नेहमी बीफ हवं असायचं आणि तिच्यापुढे हमखास चिकन यायचं. ती न विचारता त्याचं ताट ओढायची आणि त्याच्या शर्टावर रस्सा सांडायची, दर महिन्याला, आणि आम्ही सगळे हसायचो. ती गेल्यापासून दोन वर्षं, चोवीस जेवणं, हा माणूस समोर येईल ते खातोय, आणि आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की ह्याच्याकडे ताट सरकवावं. आम्ही आपसांत विचारत होतो काय, तर हा चमचा पालथा का ठेवतो! लाज वाटली. खरंच वाटली.

तो जरा हसून म्हणाला, "हे माझं काय, मी घरी रोजच खातो. कुणी बदलतं का?"

सगळे आपापल्या ताटांकडे बघायला लागले. सगळ्यांची उष्टी! त्याचं सोडलं तर अख्ख्या टेबलावर न उष्टावलेलं ताट एकच, माझं. ग्लेनिसनं टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली. पण देवाशपथ सांगतो, लाथ बसायच्या आधीच माझा हात निघाला होता. तुम्ही म्हणाल, मतासाठी दिलंस. नाही हो! त्या क्षणी मला मत आठवलंच नाही. बरं, थोडं आठवलं. पण नंतर! मी बशी उचलली, त्याच्यापुढे ठेवली, आणि जोनची आठवण म्हणून थोडा सॉस त्याच्या बाहीवर सांडला. म्हणजे सांडला गेला. क्लॅरीनं बाहीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पार्म्याचा घास घेतला आणि म्हणाला, "पार्मा काय वाईट आहे रे?" म्हटलं, "तेच तर! तेच तर मी बोंबलून सांगतोय!"

आणि मी पाव-चरबी खाल्ली. ती बरी होती. पार्म्याची सर नाही.

गोड आलं. काय होतं कुणास ठाऊक, निळं होतं, माझं लक्ष चमच्यांवर! नॉर्म, उताणा. डॉट, उताणा. बेव्ह, पालथा. नुसता ठेवला नाही, आपटला. "वजडीसाठी," म्हणाली. ग्लेनिस, पालथा. "चापांसाठी." म्हणजे दोन गेले! कीथनं चमचा हातात घेतला, बायकोकडे बघितलं, बायकोनं डोळे वटारले, आणि ह्या माणसानं, पन्नास वर्षांत पहिल्यांदा, तिच्या डोळ्यांदेखत चमचा उताणा ठेवला! "टोस्ट," म्हणाला. राहिला क्लॅरी. चोवीस महिने पालथा. तिसरा पालथा पडला की मी संपलो. त्यानं चमचा चाटून स्वच्छ केला. रुमालानं पुसला. सवयीनं उलटा केला... मला डोळ्यांपुढे अग्निशामक दल दिसायला लागलं... आणि थांबला. पुन्हा बाहीवरच्या डागाकडे बघितलं. आणि हळूच, आवाज न करता, उताणा ठेवला.

सुटलो! उठून नाचणार होतो मी! नॉर्मनं पाठीत धपाटा घातला, डॉटनं फ्रेयाला मिठी मारली, फ्रेया रडत होती की हसत होती कळेना. पण बेव्ह उभी राहिली. बेव्ह उभी राहिली की बसलेलं बरं.

"मंडळी," म्हणाली, "लिंडसे वाचला. नियम म्हणजे नियम. पण मी एक ठराव मांडते. तीस वर्षांत आपल्याला एकमेकांबद्दल जेवढं कळलं नव्हतं तेवढं आज कळलं. तेव्हा पुढच्या रविवारच्या पाळीला हेच सगळं पुन्हा. पण दगड नको, धूर नको. साधं, घरचं, पोटभर. प्रत्येकाचा आपापला पदार्थ, आणि ताटं बदलून खायची, आणि क्लॅरी मधोमध बसेल. आता हे सातही पदार्थ कुणाला ठाऊक आहेत? फॉर्म कुणी भरले? तेव्हा हा मान... लिंडसेचा. त्याच्या घरी. त्याच्या हातचं."

म्हटलं, "अगं, पण मी हरलो नाही!" ती म्हणाली, "शिक्षा कुठे आहे? मान आहे." नॉर्म म्हणाला, "अनुमोदन! मी पाण्याचा पाइप घेऊन येतो." सहा हात वर. सहा! ग्लेनिसचाही! म्हटलं, "तू सुद्धा?" ती म्हणाली, "घर वेगळं, मंडळ वेगळं. आणि मी जेवायला बरोबर साडेबाराला येईन. जीलाँगहून." क्लॅरी म्हणाला, "लिंडसे, मी लवकर येऊ का? पाव कापायला?" आता त्याला नाही कसं म्हणणार तुम्ही?

आणि निघताना, दाराशी, बेव्हनं पिशवी उघडली. तो चमचा तिनं आणलाच होता! रिबीन बांधून, पॉलिश करून! इतकी खात्री होती बाईला! काढला, आणि माझ्या हातात दिला. म्हटलं, "हे काय? मी तर जिंकलो!" ती म्हणाली, "हो रे. पण ढवळायला काहीतरी लागेलच ना."

म्हणजे दगड चाटला, मुंग्या खाल्ल्या, पार्मा हातचा गेला, मतं जिंकली, आणि तिसऱ्यांदा चमचा घरी! भिंतीवर नाही या वेळी, ओट्यावर. हरलो असतो तर एकदाच रांधून सुटलो असतो. हा मान आहे, हा दर वर्षी देऊ असं बेव्ह आत्ताच म्हणतेय.

जाऊ दे. आता विषय निघालाच आहे आणि तुम्ही एवढा वेळ ऐकून घेतलंत, तर एक शेवटचं सांगा... वजडी किती वेळ उकडायची असते?